पट्ट्यांची वाकळ: जोड आणि शिवण एकाच टिपेत

साताऱ्या-सांगलीकडच्या बहुतेक घरांत जुन्या सुती साड्यांचं एक गाठोडं असतंच, आणि कित्येक घरांत पायमशीनही असतं. तरी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची राहून जाते. हातानं धावदोरा घालायचा तर आठवडेच्या आठवडे जातात. मशीनवर करायचं म्हटलं तर आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करायचा, मग सगळे थर एकत्र अंथरून त्यांवर पुन्हा टिपा मारायच्या. म्हणजे तेच अंतर दोनदा शिवायचं.

पट्ट्यांच्या रीतीत हे दुसरं काम उरत नाही. पाठ, म्हणजे सगळ्यांत खालचा थर, आणि मधले थर आधी अंथरून घ्यायचे आणि वरच्या पट्ट्या थेट त्यांवरच एकेक करून जोडत जायच्या. पट्टीला पट्टी जोडणारी टीपच खालचे सगळे थर धरून ठेवते. शेवटची पट्टी बसली की फक्त कडेचा गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, उरतो. मशीनवर हात बसलेला असेल तर धुणं-वाळवणं सोडून दोन दुपारी पुरतात. हा वेळ शिवणीत वाचतो. कापड निवडणं आणि अंथरणं या दोन कामांत मात्र घाई करू नका, कारण वाकळीत जे बिघडतं ते बहुतेक इथंच बिघडतं.

माप आणि कापडाचा हिशेब

एका माणसाला पुरेल अशी ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब वाकळ धरू. पट्ट्या लांबीच्या दिशेनं लावायच्या. त्यामुळे पट्ट्या कमी लागतात आणि मशीनखाली सरकवायची गुंडाळीही लहान राहते. पट्टी ५ इंच रुंद घ्यायची. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेर शिवणीत जाणारं कापड, गेली की ४ इंच दिसते. मधली एक आणि तिच्या दोन्ही बाजूंना सात-सात, अशा १५ पट्ट्या. प्रत्येक पट्टीची लांबी ९२ इंच.

साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच. तिचे ९२ इंचांचे दोन तुकडे होतात. काठ वगळून प्रत्येक तुकड्याच्या आठ पट्ट्या निघतात. म्हणजे वरच्या थराला एका साडीइतकंच कापड पुरतं, ते तीन-चार वेगवेगळ्या साड्यांतून घेतलं की रंग खुलतात.

पाठीला एक साडी लागते. ९४ इंचांचे दोन तुकडे घ्या, प्रत्येक साडेबत्तीस इंच रुंद ठेवा आणि मधोमध जोडा, लुगड्याला दंड घालतात तसा. ६४ बाय ९४ ची पाठ तयार होते. हा जोड मधोमधच हवा. तिथं तो मधल्या पट्टीखाली येतो आणि कुठल्याच टिपेला भिडत नाही. बाजूला सरकवला तर एखादी टीप नेमकी त्याच्यावर चढते आणि तेवढ्या ओळीत सुई अडखळत राहते. जोडाची माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री करा.

मध्ये दोन थर, प्रत्येक ६२ बाय ९२. साडीचा पन्हा तेवढा नसल्यानं एक ४३ इंचांचा आणि एक १९ इंचांचा तुकडा शेजारी-शेजारी ठेवायचा. कडा एकमेकींवर चढवू नका, नुसत्या भिडवा आणि हातानं नागमोडी टाके घालून धरून ठेवा. एकावर एक चढवलेली कड वरून हाताला लागते आणि अंगाखाली टोचते. खालच्या थराचा जोड उजवीकडे आला तर वरच्याचा डावीकडे येऊ द्या. मधल्या थरांना साधारण दीड साडी जाते आणि उरलेल्या तुकड्यातून गोटाच्या पट्ट्या निघतात. असं सगळं धरून साडेतीन ते चार साड्या. वाळलेल्या वाकळीचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं.

मध्ये किती थर घ्यायचे हे राहता कुठं यावरही ठरवा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाळ्यात जाड वाकळ दिवसेंदिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. तिथं दोनच थर घ्या आणि थंडीत वर दुसरी वाकळ घ्या. माण, खटाव, आटपाडी, जतकडे हवा कोरडी आणि पहाटेचा गारठा झोंबणारा, तिथं तिसरा थर चालतो. तीनपेक्षा जास्त थर घरगुती मशीनवर घेऊ नका. घोंगड्याचा तुकडा मध्ये घालायचा मोह होतो, तोही टाळा. लोकर धुतल्यावर सुतापेक्षा जास्त आटते आणि वरची पट्टी सगळी चुरगळते. सुट्या कापसालाही या रीतीत जागा नाही, ४ इंचांच्या घरात तो पहिल्याच धुण्यात एका कडेला गोळा होतो.

कापड पारखणं

सगळे थर सुतीच हवेत. शंका असेल तर कडेचे चार धागे काढून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिस्टरची साडी सुताला जोडली की मशीनखाली ती घसरते, सूत घसरत नाही, आणि पट्टी टोकापर्यंत पोचेतो इंचभर सरकलेली असते.

मग जीव तपासा. कापड दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं ताणा. चर्रकन फाटलं तर ते वर किंवा पाठीला घ्यायचं नाही, मधल्या थरात घाला. नेसून-नेसून साडीचा मधला भाग विरलेला असतो, पदराकडचा आणि आत खोचलेला भाग बराच धड असतो. पट्ट्या तिथून काढा. जरीचे काठ काढून टाका. सुई जरीवर बोथट होते आणि जर काही दिवसांत काळी पडून अंगाला खुपते. साधे सुती काठ ठेवायला हरकत नाही.

नवं कापड वापरणार असाल, विट्या-माधवनगरकडचं मागावरचं किंवा इचलकरंजीचा मांजरपाट, तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून वाळवलंच पाहिजे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर आटू शकतं. जुन्या साड्या आधीच आटलेल्या असतात. न धुतलेली पाठ आणि जुनी पट्टी एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यानंतर वाकळ पाठीकडून आखडते.

रंग जातो का हेही आत्ताच पाहा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं कापड घासा. फडकं रंगलं तर ती साडी बाजूला काढा. मीठ-तुरटीच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. हल्लीचे बरेच रंग त्यानं बसत नाहीत आणि तांबडा रंग शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर उतरला की परत निघत नाही.

पट्ट्या काढणं

चांगल्या जिवाचं सुती कापड फाडलेलं बरं. कडेला ५-५ इंचांवर खुणा करा, प्रत्येक खुणेवर कात्रीनं इंचभर चीर द्या आणि लांबीच्या दिशेनं सरळ फाडा. फाटताना कापड उभ्या धाग्याशीच राहतं, त्यामुळे ९२ इंच लांबीतही पट्टी वाकडी जात नाही. कात्रीनं इतकी लांब पट्टी सरळ कापणं जाणत्या हातालाही जड जातं. फाडल्यावर कडा मुरडतात आणि किंचित ताणल्या जातात. पाणी शिंपडून इस्त्री करा, त्या जागेवर येतात.

विरळ किंवा नरम झालेलं कापड मात्र मध्येच आडवं फाटतं. ते खडूनं आखून कापा.

आता प्रत्येक पट्टीच्या उलट बाजूला, एका लांब कडेपासून अर्ध्या इंचावर खडूची रेघ मारून ठेवा. मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावून माया मोजायची सवय अनेकांना असते. इथं ती चालत नाही, कारण पाठ आणि मधले थर सगळा पत्रा झाकून टाकतात आणि खूण दिसतच नाही. मधली पट्टी सोडून चौदा पट्ट्यांवर रेघ मारायला अर्धा तास जातो, पण सगळी वाकळ या रेघेवर सरळ राहते.

तोकड्या तुकड्यांच्या पट्ट्या करायच्या असतील तर टोकाला टोक जोडून ९२ इंच करा. शेजारच्या पट्टीचे जोड एका रेषेत येऊ देऊ नका, विटांच्या भिंतीत सांधे चुकवतात तसे चुकवा. शेवटी सगळ्या पट्ट्या जमिनीवर मांडून क्रम ठरवा, गडद-फिकट आलटून-पालटून, आणि प्रत्येकीच्या डोक्याकडच्या टोकाला आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाचा. शिवताना वाकळ सारखी फिरवावी लागते आणि क्रम हमखास चुकतो.

अंथरणं

फरशी पुसून कोरडी करा. पाठ उलट बाजू वर करून अंथरा आणि कडा चिकटपट्टीनं फरशीला लावा. सुरकुत्या जातील इतपतच ओढा. तबल्यासारखी ताणून लावलेली पाठ सोडली की परत आखडते आणि मग प्रत्येक टिपेमागे चुण्या पडतात. वर मधले दोन थर, मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा.

आता मध्यरेषा. दोन्ही आडव्या कडांचा मध्य मोजून तिथं दोघींनी खडू लावलेली दोरी ताणून धरा आणि मधून उचलून फटकारा. नव्वद इंचांची सरळ रेघ उमटते. एकटीनं करायचं असेल तर दोरीच्या टोकांना पाटा-वरवंट्यासारखं जड काही ठेवा.

नंतर सेफ्टी पिना लावा. हातभर नव्हे, वीतभर अंतरावर, मधून सुरू करून बाहेर. शंभरेक पिना लागतात. पिना नसतील तर पाठीच्या रंगाच्या दोऱ्यानं दोन-तीन इंचांचे कच्चे टाके आडवे घाला, ओळींत ८ इंच अंतर ठेवून. पिना बऱ्या, कारण पट्टी जवळ आली की पुढची पिन काढून टाकता येते. कच्चा दोरा टिपांत अडकतो आणि नंतर पाठीकडून तुकड्या-तुकड्यानं उपसावा लागतो.

मशीन

सुई १६ नंबरची, नवी. तीन थर मध्ये असतील तर १८. दोरा पक्क्या रंगाचा, ४० नंबरचा. टाका मोठा ठेवा, इंचात ८. बारीक टाका जाड थरांत कापड गोळा करतो आणि उसवायची वेळ आली तर रडवतो. पायाच्या दांडीच्या माथ्यावरचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा. दाब जास्त असला की पाय वरची पट्टी पुढे ढकलतो आणि खालचे दात पाठ मागे ओढतात. चौदा टिपा गुणिले ९० इंच म्हणजे सुमारे ३२ मीटर शिवण. दोरा त्याच्या तिप्पट धरा. दोन-तीन बॉबिन आधीच भरून ठेवा आणि प्रत्येक पट्टी सुरू करण्यापूर्वी आतलं बॉबिन पाहा.

वाकळीवर सुई टेकवण्याआधी त्याच कापडाच्या वीतभर तुकड्यांचे तितकेच थर घेऊन एक टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे लूप दिसले तर वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नाही, बॉबिनकेसच्या स्क्रूला हात लावू नका. टाके गळत असतील तर सुई बोथट आहे किंवा उलटी बसली आहे.

मशीनच्या डावीकडे आणि मागे टेबल, खाट, खुर्च्या, जे असेल ते लावून मशीनच्या उंचीला आणा. हे करायला लोक कंटाळतात, पण लोंबकळणारी वाकळ सुईला बाजूला ओढते. टीप वाकडी जाते ती बहुतेक त्यामुळेच, आणि सुई मोडते तीही.

शिवणं

मधली पट्टी सुलट बाजू वर करून मध्यरेषेवर ठेवा. पट्टीच्या टोकांचा मध्य रेषेवर, दोन्हीकडे अडीच-अडीच इंच. टाचण्या लावा. तिच्या उजव्या कडेवर दुसरी पट्टी उलट बाजू वर करून, कडेला कड भिडवून ठेवा. दर ६ इंचांवर टाचणी. टाचण्या मधून टोकांकडे लावत जा. पट्टी ओढून पुरवू नका आणि ढकलून जिरवूही नका.

आता उजवी बाजू गुंडाळा. मशीनच्या हाताखाली ६-७ इंचच जागा असते. गुंडाळी घट्ट करून सुतळीनं तीन ठिकाणी सैल बांधा. खडूच्या रेघेवर टीप मारा. टाचणी पायाखाली जाण्याआधी काढा. दोन्ही हात टिपेच्या दोन बाजूंना सपाट ठेवून थर एकत्र सरकवा. मागून ओढायचं नाही. कुठं थांबलात तर सुई कापडात रुतलेलीच ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके मागे-पुढे.

वाकळ बाहेर काढून मागून पाहा. चुणी असेल तर आत्ताच उसवा. पुढच्या पट्टीनंतर ती उसवता येणार नाही. ठीक असेल तर पट्टी सुलट उलथवा, टिपेशी बोटानं दाबा आणि इस्त्री फिरवा. टिपेजवळ पट्टी अर्धवट दुमडलेली राहिली तर तिथं घडी पडते आणि प्रत्येक पट्टी पाव इंच अरुंद होत जाते. उलथवलेली पट्टी दुसऱ्या कडेला टाचून घ्या, मगच पुढची.

आता वाकळ पूर्ण फिरवून घ्या म्हणजे डावी कड उजवीकडे येईल, आणि तिकडे एक पट्टी जोडा. अशी एक इकडे, एक तिकडे. एक बाजू आधी पूर्ण केली तर दुसरीकडचे थर तोवर सरकलेले असतात. दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन-तीन पट्ट्यांत टिपेची दिशाही बदला, एकदा डोक्याकडून आणि पुढची पायाकडून. सगळ्या टिपा एकाच टोकाकडून मारल्या तर सगळे थर एकाच दिशेला सरकतात आणि वाकळ एका बाजूला कलते. बाहेरच्या पट्ट्यांना मात्र हा नियम सोडा. तिथं न शिवलेली अरुंद कडच मशीनच्या हाताखाली हवी आणि सगळा भार डावीकडे.

दर दोन पट्ट्यांनंतर मापा. मधल्या पट्टीच्या टिपेपासून कडेच्या नव्या टिपेपर्यंतचं अंतर डोक्याशी, मध्ये आणि पायाशी सारखं हवं. पाव इंच फरक आला तर पुढच्या पट्टीची कड तेवढी आत-बाहेर ठेवून फरक जिरवा. इंचभर येईपर्यंत थांबलात तर तो जिरत नाही.

पट्टीखाली सेफ्टी पिन राहिली आहे का, हे प्रत्येक टिपेआधी तळहात फिरवून पाहा.

विणलेल्या कापडाच्या थरांना ४ इंचांवरची टीप पुरते. थर फार नरम असतील, किंवा हातशिवणीचा देखणेपणा हवा असेल, तर प्रत्येक पट्टीच्या मधोमध जाड रंगीत दोऱ्यानं हातानं एक धावदोरा घाला. हे काम नंतर, बसल्या जागी, सावकाश होतं.

गोट

चारही कडा सरळ आखून जादा पाठ आणि थर कापा. कापण्याआधी कडेपासून पाव इंचावर सगळीकडून एक टीप मारून घ्या, थर सुटत नाहीत.

पाठच पुढे वळवून कड शिवणं सोपं आहे, पण आम्ही वेगळा गोट लावायला सांगू. गळ्याशी येणारी कड सगळ्यांत आधी विरते. वेगळा गोट असला की तेवढाच काढून नवा लावता येतो. ३ इंच रुंद पट्ट्या जोडून ३१२ इंच लांबी करा, लांबीतून दुमडून दीड इंच करा आणि इस्त्री करा. वरच्या बाजूला, गोटाची उघडी कड वाकळीच्या कडेला भिडवून अर्ध्या इंचावर टीप मारा. कोपरा अर्धा इंच राहिला की थांबा, दोरा तोडा, गोट सरळ वर दुमडा म्हणजे तिरकी घडी पडेल, मग तसाच खाली आणून नव्या कडेवर सुरुवात करा. नंतर पाठीकडे वळवून हातानं हेम घाला. गोट लावताना ओढू नका. ओढलेला गोट नंतर आखडतो आणि कड लाटांसारखी दिसते.

लहान वाकळ, आणि उरलेल्या चिंध्या

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी बाळाच्या वाकळीपासून सुरुवात करावी. ३६ बाय ४५ इंच, ९ पट्ट्या, प्रत्येक ४७ इंच लांब, मध्ये एकच नरम थर. रीत हीच, पण गुंडाळी हाताळायला सोपी आणि चूक झाली तरी कापड थोडं जातं.

तुकडे फारच लहान उरले असतील तर त्यांची एकच लांब फीत करण्याचीही एक रीत आहे. ५ इंच रुंदीचे तुकडे टोकाला टोक जोडत १४४० इंचांची, म्हणजे १२० फुटांची फीत करा. तिचं एक टोक दुसऱ्याला भिडवून लांबीतून टीप मारा आणि दुमड कापा. दोन ओळी झाल्या, ७२० इंचांच्या. पुन्हा तसंच केलं की चार, मग आठ, मग सोळा ओळी, ९० इंचांच्या, आणि रुंदी सुमारे ६५ इंच. रंग कुठं येतील ते आधी कळत नाही, तीच त्यातली गंमत. फितीला मध्ये पीळ पडू देऊ नका. एवढं मात्र लक्षात ठेवा की यात फक्त वरचा थर तयार होतो, थर धरून ठेवणाऱ्या टिपा वेगळ्या माराव्याच लागतात.

धुणं आणि डागडुजी

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण कृष्णेच्या घाटावर निघतं, त्यात वाकळही जाते. ती दगडावर आपटू नका. ओल्या वाकळीचा सगळा भार एका कडेवर येतो आणि गोटाची टीप तिथं तुटते. साबणाच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडवा. पिळताना दोघांनी दोन टोकं धरून हलका पीळ द्या. दोरीवर एका घडीत टांगण्यापेक्षा दोन समांतर दोऱ्यांवर पसरा, मधला भाग लवकर वाळतो. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, मधल्या थरांत ओल राहिली की तिथं बुरशीचे काळे ठिपके येतात.

एखादी पट्टी फाटली तर ती काढत बसू नका. ५ इंचांची नवी पट्टी घ्या, दोन्ही लांब कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, जुन्या पट्टीवर टिपेपासून टिपेपर्यंत बसवा आणि दोन्ही कडांना जुन्या टिपांवरच टीप मारा. पाठीवर वेगळी रेघ दिसत नाही.